टाका नसलेलं ऑपरेशन

१४ मार्च १९९८

आज घरी आले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलंय, रोज चार गोष्टी लिहून ठेवायच्या: चक्कर, कानातला आवाज, डोकेदुखी, चेहरा. सहा महिन्यांनी वही घेऊन यायचं. आजचं लिहिते. चक्कर आहे. आवाज आहे, चालू पंख्यासारखा, उजव्या कानात. डोकं थोडं. चेहरा ठीक.

आता जे त्यांनी विचारलं नाही ते.

स्टेशनवरून रिक्षा लिंबायतला गल्लीच्या तोंडाशी थांबली तर दहा-बारा बाया उभ्या होत्या. माझं डोकं बघायला. मी पदर खाली घेतला तशी समोरच्या धुडकूअण्णांची बायको पुढे आली, केसांत बोटं घालून बघितलं आणि म्हणाली, "टाका कोठे शे?" मी सांगितलं, टाका नाही. किरणांनी करतात. डोक्याला लोखंडी चौकट चार स्क्रूने बसवतात, मग मशीनमध्ये सरकवतात. दीड तास. दुसऱ्या दिवशी सुट्टी. तिने कपाळावरचे दोन आणि मागचे दोन ठिपके मोजले आणि विचारलं, "मंगलाबाई, खरं सांगा, ऑपरेशन व्हयनं का नुसतं फोटू काढा?"

काय सांगणार? गाठ काढलेलीच नाही. आत आहे तशीच आहे, कानाच्या नसेवर, सुपारीएवढी. ती आता हळूहळू मरेल, वाढणार नाही, कॅन्सर नाही, साधी गाठ आहे, असं डॉक्टरांनी तीनदा सांगितलं. गेलेला कान परत येणार नाही, हे एकदाच सांगितलं, तेही चहा पिता पिता.

घर रंजनाने छान ठेवलंय. रंजना म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिराची, हेमराजची बायको. शेजारच्याच खोलीत राहतात. माझे डबे तिने नव्या क्रमाने लावले आहेत. मीठ सापडायला मला वेळ लागला. वर्षाने हातातून पातेलं काढून घेतलं. "मम्मी, तू गॅसजवळ नको जाऊ हं." पोरीचा जीव आहे माझ्यावर.

१७ मार्च

चक्कर सकाळी जास्त. बाकी तेच.

आज कळलं, मी मुंबईत असताना वर्षाला स्थळ आलं. मुलगा प्रवीण, आपल्यातलेच, मूळ धुळ्याकडचे, इच्छापोरला राहतात, तिकडच्याच कारखान्यात काँट्रॅक्टवर आहे. बोलणी हेमराज-रंजनाने केली. आम्ही दोघं तिकडे, मग करणार कोण? मुलाच्या आईची बहीण आमच्या मागच्याच गल्लीत. तिचा नातू माझ्या बालवाडीत येतो.

मला आनंद झाला. गेल्या वर्षी कामरेजचं स्थळ माझ्यामुळे मोडलं. पाण्याचा ट्रे घेऊन येताना मी भिंतीवर गेले, ग्लास फुटले, आणि ते लोक चहा न पिता उठले. नंतर निरोप आला, आईला फिट येते, पोरीलाही येईल. तेव्हा गाठीचं कुणालाच माहीत नव्हतं. वर्षा आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती. बोलली नाही म्हणून मी तिला कधी टोचलं नाही.

म्हणून मी मुंबईच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारलं होतं, हे पोरीला होतं का? ते म्हणाले, नाही, एका बाजूची गाठ अशी आईकडून मुलीला जात नाही. मी ते त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घेतलं. कागद वर्षाला दिला. तिने वाचला आणि घडी करून डब्यात ठेवला.

५ एप्रिल

मुलाकडचे येऊन गेले. प्रवीण, त्याची आई वत्सलाबाई, आणि ती मागच्या गल्लीतली मावशी.

मी कपाळाच्या ठिपक्यांवर पावडर लावली. कुठे बसायचं ते वर्षाने सांगितलं, खिडकीशी, म्हणजे वत्सलाबाई माझ्या उजव्या बाजूला आल्या. मी म्हटलं, अगं, त्या बाजूचं मला ऐकू येत नाही. ती म्हणाली, तिकडे हवा आहे, तुला बरं वाटेल. एवढा विचार करते. बोलायचं काम रंजनाने केलं. मी मान वळवून वळवून थकले, अर्धं कळलं, अर्ध्याला हसले.

वत्सलाबाई बाई फार मऊ. एकदा त्यांनी माझा हात धरला, डाव्या कानाशी आल्या आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बालवाडीले पायऱ्या किती शेत?"

मी म्हटलं, "सोळा."

तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. मला वाटतं त्यांनाही गुडघ्यांचा त्रास असेल. मग शिऱ्याची बशी माझ्या हातात न देता त्यांनी चमच्याने पहिला घास मला स्वतः भरवला. विहिणीला घास भरवायची त्यांच्याकडे रीत असेल. हे बघत होते, माझ्याकडे नाही, जमिनीकडे. यांचं असंच. माणूस आनंदात असला तरी खाली बघतो.

पसंत आहे म्हणाले.

२३ एप्रिल

बालवाडी गेली.

चौदा वर्षं. आज मी साडी नेसून, वेणी घालून गेले. निरुबेन म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या संस्थेच्या देखरेखीच्या बाई, त्यांनी दारातच अडवलं. "मंगलाबेन, थोडो आराम करो." मी म्हटलं, आराम झाला, डॉक्टरांनी काम करायला हरकत नाही असं लिहून दिलंय. त्या म्हणाल्या, पालक तक्रार करतात. लोक काहीबाही बोलतात, त्यात संस्थेचं नाव येतं. मुलं सांभाळायची म्हणजे डोकं शांत पाहिजे. माझं डोकं शांत नाही, असं मला सांगणारी ही बाई दर महिन्याला हजेरीपट माझ्याकडून लिहून घ्यायची.

पहिलं पोर कुणी काढलं विचारलं, तर त्या मावशीच्या नातवाचं नाव निघालं. आता सोयरीक जमली म्हटल्यावर मावशीने उलट माझी बाजू घ्यायला हवी होती. लोकांना गाठ शब्दाचीच भीती. चूक माझीच. कुणी विचारलं की मी खरं सांगत बसले, मेंदूजवळ गाठ आहे, साधी आहे. कान म्हणायला हवं होतं.

घरी येऊन ओरडले. निरुबेनच्या नावाने, गल्लीच्या नावाने. हे म्हणाले, "जाऊ दे ना. घर सांभाळ." आणि चपला घालून बाहेर गेले. कामाच्या पाळीला अजून दोन तास होते.

१२ मे

चक्कर कमी. आवाज तोच.

साखरपुडा झाला. मी गेले नाही. वर्षा म्हणाली, डॉक्टरांनी तुला उन्हात प्रवास करू नको म्हटलंय. मला आठवत नाही, पण यांना सांगितलं असेल. इच्छापोरचा रस्ता फार खराब आहे, असंही म्हणाली. सगळे टेंपो करून गेले. मी दारात उभी राहिले, तर धुडकूअण्णांची बायको म्हणाली, "बसा बसा, पडशाल." ती आजकाल माझ्याशी मोठ्याने बोलते, आणि बोलताना हसते. पूर्वी कजाग होती. आजाराने निदान माणसं तरी मऊ झाली.

फोटो काढणाऱ्याने कॅमेऱ्यात रोलच घातला नव्हता, हे सांगून रंजना संध्याकाळी हसत होती. वर्षा माझ्या उजवीकडे बसून तिच्याशी किती तरी वेळ बोलत होती. मी म्हटलं, इकडे ये ना, या कानाशी. म्हणाली, "काही नाही मम्मी, साड्यांचं."

९ जुलै

लिहायला हात चालत नव्हता. तीन आठवडे नुसती जमीन फिरते. मोरीपर्यंत भिंत धरून जावं लागतं. उजव्या गालाला मुंग्या, डोळ्याची पापणी आपोआप उडते. यांनी बूथवरून मुंबईला फोन केला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, गाठ मरताना आधी सुजते, गोळ्या वाढवा. गोळ्यांनी तोंड पुरीसारखं फुगलंय.

वत्सलाबाई बघायला आल्या होत्या. मी झोपलेली. डोळे मिटून होते. त्या रडल्या. म्हणाल्या, "देवाने त्या दिवशी तिचा पाय घट्ट धरला असता तर!" कुणाबद्दल बोलत होत्या कळलं नाही. यांनी खाकरून विषय बदलला.

१९ सप्टेंबर

मुंबईहून परत.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. गाठीच्या मधोमध काळं झालंय. म्हणाले, हेच पाहिजे होतं, मधून मरतेय. जुलैतली सूज उतरली. माझी वही चाळली. मराठी त्यांना येत नसावं, पण चक्कर शब्द ओळखू आला, मोजत गेले आणि म्हणाले, उत्तम. चालून दाखवायला लावलं. सरळ रेषेत. चालले. दहा पावलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मी पाहिलं.

आता मला कुणाला काही पटवायचं नाही. कागद आहे.

२१ सप्टेंबर

आज मी इच्छापोरला एकटी गेले.

कुणाला सांगितलं नाही. हे पाळीवर, वर्षा शिवणाच्या क्लासला. हजिऱ्याच्या बसमध्ये खिडकीशी बसले, फिल्मचं मोठं पाकीट मांडीवर. ठरवलं होतं, विहीणबाईंना स्वतः दाखवायचं. म्हणायचं, आता मी बरी आहे, लग्नात सगळं मी बघेन, आणि हे पोरीला होत नाही तेही डॉक्टरांचं लिहिलेलं आहे.

वत्सलाबाई दारात गहू निवडत होत्या. मला बघून ताट बाजूला फेकल्यासारखं ठेवलं. "एकल्याच उनात? कोणी सोडं तुम्हले?" मला दोन्ही खांद्यांना धरून आत नेलं, बाजेवर बसवलं, बाहेर जाऊन रस्त्यावर बघितलं की कुणी मागून येतंय का. पाणी दिलं ते ग्लास स्वतः धरून.

मी फिल्म काढली. त्या म्हणाल्या, "हां हां. मार कोठे लागना व्हता ते दिसस का यामा?"

मी म्हटलं, "कसला मार?"

त्या माझ्या केसांवरून हात फिरवू लागल्या. माझ्या डाव्या कानाशी, सावकाश. सगळं त्यांनीच सांगितलं. बालवाडीच्या जिन्यावरून मी पडले. सोळा पायऱ्या. डोक्याला मार लागला. मुंबईला नेलं, जीव वाचला, पण समज गेली. तेव्हापासून लहान मुलासारखी झाले. कधी गाठ म्हणते, कधी किरण म्हणते, तसं बोलली तर हो म्हणायचं, असं वर्षाने पहिल्याच भेटीत सांगून ठेवलं होतं. "अपघात तर कोणालेबी होऊ शकस, माय," त्या म्हणाल्या. "रोगाचं घर असतं तर आम्ही विचार केला असता. तुम्ही काळजी नका करू. पोर आम्हाले पसंत शे."

मी फिल्म पाकिटात घातली. एकदा घातली तर ती वाकडी गेली, पुन्हा काढून घातली. वत्सलाबाई ते कौतुकाने बघत होत्या.

एक वाक्य बोलायचं होतं. गाठ आहे, समज जागेवर आहे. चौदा वर्षं मी पोरांना वाक्यं बोलायला शिकवलं. पण समोर मागची खोली होती, नवा रंग दिलेली, आणि नवी कॉट, अजून प्लास्टिकमध्ये. वर्षासाठी. कामरेजनंतर ती आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपायची, तेच डोळ्यांसमोर आलं. आणि मी खरं बोलले असते तर? बाईंनी हो म्हटलं असतं. तसं म्हणायचं त्यांना सांगितलंच होतं.

प्रवीणने मला स्कूटरवरून घरी सोडलं. वत्सलाबाईंनी निघताना त्याला बजावलं, हळू चालव, आणि माझ्या पदराची ओढणीसारखी गाठ कमरेला मारून दिली, म्हणजे चाकात जायला नको.

घरी सगळे होते. मी पाकीट जमिनीवर ठेवलं आणि विचारलं, कुणी सांगितलं?

रंजना आपल्या खोलीत निघून गेली. वर्षा म्हणाली, "मी. पप्पांनी नाही, काकूने नाही. मीच."

"डॉक्टरांचा कागद दिला होता ना तुला?"

"कागद कोण वाचतं मम्मी? गाठ म्हटलं की कॅन्सर. आईला आहे म्हणजे मुलीला. कामरेजवाल्यांना काय सांगितलं होतं कुणी? तरी गेलेच ना? तू मुंबईत होतीस, तू परत येशील की नाही ते पण माहीत नव्हतं. त्या आल्या, आई कुठे विचारलं, माझ्या तोंडातून निघून गेलं. मग निघालं ते निघालं."

"आणि बालवाडी?"

हे म्हणाले, "त्या मावशीनी सांगं. आम्हाले काय माहीत तिना नातू तठे येस."

माहीत होतं. मी स्वतः पाच वेळा सांगितलं असेल. निरुबेनला मी पाच महिने शिव्या दिल्या. त्यांच्या जिन्यावरून पडून माझी समज गेली असं कानावर आल्यावर त्या बाईने संस्थेची अब्रू सांभाळली, बस.

मी यांना विचारलं, "तुम्हालाही हे मान्य होतं का?" हे म्हणाले, "आते बोलू नको. लगीन व्हई जाऊ दे."

२ ऑक्टोबर

अकरा दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही. कुणाला विशेष वाटलं नाही. गल्लीला तर नाहीच.

चक्कर नाही. आवाज आहे. बाकी डॉक्टरांनी न विचारलेलं पुष्कळ आहे.

एका नव्या पाकिटावर इच्छापोरचा पत्ता लिहिला. रिपोर्टची नक्कल आत घातली. दोनदा टपालपेटीपर्यंत गेले. दुसऱ्यांदा वर्षा मागे आली होती. हात धरला नाही, नुसती पेटीच्या बाजूला उभी राहिली, तोंडाला ओढणी लावून. मी परत आले. पाकीट अजून आहे.

११ नोव्हेंबर

आता ठरलंय की कन्यादानाला हेमराज आणि रंजना बसतील. माझ्या तब्येतीला इतका वेळ बसणं झेपणार नाही, असं पत्रिका वाटताना सगळ्यांना सांगण्यात येतंय. यांनी मला ते मीठ संपलंय सांगावं तसं सांगितलं. "तुले त्रास व्हई." मग म्हणाले, त्यांच्याकडचे लोक बघतील, आईला भान नाही आणि दान देते, शोभत नाही.

मी विचारलं, "आणि तुम्ही कुठे बसणार?"

"मी तुनाजोडे. मागे."

माझ्याजवळ बसणार, हे ते उपकारासारखं म्हणाले. रंजना रात्री काहीतरी बोलायला दारात आली आणि नवी हिरवी साडी मला दाखवून गेली.

३० नोव्हेंबर

काल लग्न झालं. आज लिहिते, काल वही उघडायला जागाच नव्हती.

मांडव गल्लीतच. मला मागच्या रांगेत खुर्ची, बाजूला धुडकूअण्णांची बायको राखणीला. हे दुसऱ्या बाजूला. माझ्या अंगावर वर्षाने निवडलेली फिकी साडी. अक्षता पडल्या. मग भटजींनी कन्यादानासाठी आई-वडिलांना बोलावलं. रंजना उठली, हेमराज उठला.

मीही उठले.

खरं सांगते, काही ठरवलेलं नव्हतं. पाय निघाले. सरळ. दहा पावलांहून जास्त होती. धुडकूअण्णांच्या बायकोने पदर धरला तो मी सोडवून घेतला. पुढे जाऊन रंजनाच्या आधी पाटावर बसले. यांना वळून हाक मारली. लग्नाला बावीस वर्षं झाली, आजवर नाव घेतलं नव्हतं. "राघो, या." सगळा मांडव वळला. हेमराजच्या तोंडाचा रंग गेला. तो वाकून म्हणाला, "वहिनी, उठा. लोक बघतात." मी ऐकलं नाही. तो उजवीकडून बोलला होता, मला ऐकू आलंही नसतं, पण मी ऐकलं नाही ते तेवढ्यासाठी नाही.

वर्षा समोर होती. मुंडावळ्यांतून माझ्याकडे बघत होती. मी आता बोलेन असं तिला वाटत होतं. तिचे ओठ पांढरे झाले होते. माझ्या मनात आलं होतं, हो. भटजींचा माईक हाताशी होता.

तेवढ्यात वत्सलाबाई पुढे आल्या. हेमराजचा हात धरून त्याला बाजूला केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बठू द्या तिले. माय शे. तिले काय समजस?"

मग कोण उठवणार? वेड्या बाईशी भर मांडवात कोण भांडणार? हे आले, माझ्या डाव्या बाजूला बसले. त्यांच्या हातावर मी माझा ठेवला. भटजींनी लोटा दिला. मी धार धरली. वर्षाच्या हातावर, तिच्या हाताखाली प्रवीणचा हात, धार एकदाही तुटू दिली नाही. मंत्र यांना म्हणता येईनात, मी हळू सांगत गेले, हे मागून म्हणत गेले. माझ्यामागे बाया कुजबुजत होत्या, बघ, कसं सगळं आठवतं तिला! कुणी तरी रडलं.

पाणी घालून झालं तेव्हा वर्षा पुढे झुकली. डाव्या कानाशी. पहिल्यांदा. "मम्मी," एवढंच म्हणाली. पुढचं तिला सुचलं नाही. मीही मदत केली नाही.

माईक मी उचलला नाही. लोटा खाली ठेवला.

वत्सलाबाई माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या. "किती नीट करं व माय, किती नीट करं," म्हणत त्यांनी माझा ओला हात आपल्या नव्या शालूच्या पदरात घेतला आणि बोटं एकेक करून पुसली, लहान पोराची पुसतात तशी. मी पुसू दिली. दहाही.